भाव पडण्याआधी मंदी कशी ओळखावी: मुंबई-पुण्यात घर घेणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

घरांच्या बाजारात मंदी येते तेव्हा भाव सर्वांत शेवटी पडतात, आणि बहुतेक लोक नेमके भावांकडेच पाहत बसलेले असतात. बिल्डरला उघडपणे भाव उतरवणे परवडत नाही, कारण आधी बुकिंग केलेले ग्राहक लगेच फरक मागायला येतात आणि त्याच भावावर मूल्यांकन करून कर्ज दिलेली वित्तसंस्था अधिक तारण मागते. जुने घर विकणाऱ्यालाही शेजाऱ्याला गेल्या वर्षी मिळालेला आकडा विसरता येत नाही, म्हणून तो थांबून राहतो. त्यामुळे प्रथम व्यवहार कमी होतात, मग सवलतींच्या योजना निघतात, मग बांधकामाचा वेग मंदावतो, आणि एवढे सगळे झाल्यावर भाव हलतात. कित्येकदा ते कागदावर हलतच नाहीत. साधारण २०१३ ते २०२० या काळात मुंबई महानगरातील अनेक भागांत भाव वर्षानुवर्षे जागीच होते. भाव सहा वर्षे स्थिर राहिले आणि महागाई दरवर्षी ५ टक्के असली, तर घराची खरी किंमत सुमारे एक-चतुर्थांशाने घटलेली असते. मात्र कोणत्याही जाहिरातीत ती घट दिसत नाही.

मुंबईने उघड घसरणही पाहिलेली आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात नरिमन पॉइंटची कार्यालये जगातील सर्वांत महागड्या कार्यालयांत गणली जात होती, आणि त्यानंतर दक्षिण मुंबईतील भाव अनेक वर्षे उतरत राहिले. ‘मुंबईत जागेचे भाव कधी पडत नाहीत’ हे वाक्य घर दाखवणाऱ्या एजंटाकडून ऐकायला मिळते तेव्हा हा काळ आठवावा.

पुढे दिलेल्या पायऱ्या मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुणे येथे स्वतः राहण्यासाठी घर घेऊ पाहणाऱ्या, घर विकू पाहणाऱ्या किंवा हप्ते भरत असलेल्या कुटुंबांसाठी आहेत. यातील जवळजवळ सर्व माहिती विनामूल्य उपलब्ध आहे. लागते ती थोडी चिकाटी आणि एक वही.

पहिली पायरी: आपला भाग ठरवा आणि सांगितलेला भाव व नोंदलेला भाव वेगळे करा

‘पुण्याचा बाजार’ असे काही अस्तित्वात नसते. खराडीत नव्या इमारतींची गर्दी असताना सदाशिव पेठेत जुन्या सदनिकेला लगेच गिऱ्हाईक मिळू शकते. म्हणून एक छोटा भाग निवडा, एका रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या दहा-पंधरा इमारती किंवा आठ-दहा चालू प्रकल्प एवढाच. रिझर्व्ह बँकेचा तिमाही घरकिंमत निर्देशांक आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा ‘रेसिडेक्स’ हे शहराची सर्वसाधारण दिशा दाखवतात. ते पाहावेत, पण तुमच्या गल्लीत काय चालले आहे हे त्यांच्यातून कळत नाही.

गल्लीतील भाव कळतो तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ‘ई-सर्च’ सुविधेतून. तेथे गाव किंवा विभाग आणि मिळकत क्रमांक दिल्यावर झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २, म्हणजे सगळे ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात ती, पाहता येते. तीत ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ अशा दोन रकमा असतात. मोबदला म्हणजे करारात लिहिलेली प्रत्यक्ष किंमत. बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरनुसार सरकारने काढलेले मूल्य. या दोहोंपैकी जी रक्कम जास्त असेल तिच्यावर मुद्रांक शुल्क लागते.

वहीत तीन रकाने आखा: जाहिरातीत किंवा संकेतस्थळावर मागितलेला भाव, नोंदलेला मोबदला आणि रेडी रेकनरचे मूल्य. तिन्ही चटईक्षेत्राच्या, म्हणजे कार्पेटच्या, प्रति चौरस फुटात आणा. नाहीतर बिल्ट-अप आणि कार्पेटची गल्लत होऊन सगळी तुलना फसते. मागितलेला भाव आणि नोंदलेला भाव यांतील अंतर वाढू लागले, तर विक्रेते अजून जुन्या आशेवर असून खरेदीदार मागे सरकले आहेत असा त्याचा अर्थ होतो. नोंदलेला मोबदला रेडी रेकनरच्या अगदी जवळ येऊ लागला किंवा त्याखाली गेला, तर ती याहून गंभीर खूण आहे. आयकर कायद्यानुसार सरकारी मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी किमतीला व्यवहार केल्यास फरकाच्या रकमेवर विकणारा आणि घेणारा अशा दोघांनाही कर लागू शकतो. हा भुर्दंड सोसूनही लोक विकत असतील, तर त्यांना पैशांची निकड आहे.

दुसरी पायरी: व्यवहारांची संख्या मोजा, पण महिन्यांना भुलू नका

दस्तनोंदणीचे मासिक आकडे वृत्तपत्रांत ठळकपणे येतात आणि त्यांतून चुकीचे निष्कर्षही तितक्याच सहजपणे काढले जातात. पितृपक्षात नोंदणी मंदावते, दसरा-दिवाळी आणि गुढीपाडव्याला वाढते. १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे दर वाढण्याची शक्यता असते, म्हणून मार्चमध्ये गर्दी होते आणि एप्रिल रिकामा दिसतो. म्हणून सप्टेंबरची तुलना ऑगस्टशी न करता गेल्या वर्षीच्या सप्टेंबरशी करावी. आणि पितृपक्ष व अधिक मास पुढे-मागे सरकत असल्याने शक्यतो तीन-तीन महिन्यांची बेरीज करूनच करावी.

सरकारी सवलतींमुळे आकडे आणखी फसवे होतात. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुद्रांक शुल्क ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ या काळात २ टक्क्यांनी कमी केले. मुंबईत ते ५ वरून आधी २ आणि मग ३ टक्के झाले. डिसेंबर २०२० आणि मार्च २०२१ मध्ये नोंदणीची झुंबड उडाली, कारण पुढच्या काळातील खरेदी लोकांनी अलीकडे ओढून घेतली होती. त्या दोन महिन्यांशी नंतरच्या महिन्यांची तुलना केली तर प्रत्येक वेळी मंदीच दिसेल. माझ्या मते अशा सवलतीकडे दुसऱ्या अंगानेही पाहावे: सरकार स्वतःच्या महसुलाचा एवढा मोठा वाटा सोडते तेव्हा बाजार आपणहून चालत नसल्याचे त्याने मान्य केलेले असते.

आणखी एक फरक ध्यानात ठेवावा. नोंदणी होते ती बुकिंगनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी. म्हणजे आजची नोंदणी हे कालच्या निर्णयांचे प्रतिबिंब आहे. आजचे निर्णय कळायचे असतील तर पुढची पायरी आवश्यक आहे.

तिसरी पायरी: न विकलेली घरे आणि महारेराचे पान

रिअल इस्टेट नियमन कायदा महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला, आणि त्यामुळे सामान्य ग्राहकाच्या हाती पूर्वी कधीही नव्हते असे एक साधन आले. महारेराच्या, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रत्येक नोंदणीकृत प्रकल्पाचे पान असते. त्यावर एकूण सदनिका, बुकिंग झालेल्या सदनिका, पूर्णत्वाची मूळ तारीख, मिळालेली मुदतवाढ, प्रकल्पावरील बोजा (म्हणजे प्रकल्प तारण ठेवून काढलेले कर्ज), चालू खटले आणि तिमाही प्रगती दिसते. बहुतेक ग्राहक हे पान बुकिंगच्या दिवशी एकदाच, नोंदणी क्रमांक खरा आहे का एवढे पाहण्यासाठी उघडतात. मंदीची चाहूल घेण्यासाठी ते दर तीन महिन्यांनी उघडावे लागते.

तुमच्या भागातील आठ-दहा प्रकल्पांची नावे लिहा आणि प्रत्येक तिमाहीला बुकिंगचा आकडा टिपा. दोन तिमाहींमधील फरक म्हणजे त्या प्रकल्पाची विक्री. आता न विकलेल्या घरांना मासिक विक्रीने भागा. सगळ्या प्रकल्पांत मिळून २४० घरे शिल्लक असतील आणि महिन्याला २० विकली जात असतील तर १२ महिन्यांचा साठा आहे. विक्री १० वर आली तर तोच साठा २४ महिन्यांचा होतो, एकही नवीन इमारत सुरू झालेली नसताना. साठा १८ महिन्यांच्या आत असेल तर बाजार ठीक चालला आहे असे मी धरतो, २४ ओलांडला तर सावध होतो, आणि ३६ महिन्यांकडे जाऊ लागला तर त्या भागात बांधकाम चालू असलेले घर घेण्याचा विचार बाजूला ठेवतो. या मर्यादा कोठे लिहून ठेवलेल्या नाहीत; त्या अंदाजाच्याच आहेत, आणि आकड्यापेक्षा त्याची दिशा अधिक सांगून जाते.

याच पानावर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. तिमाही माहिती भरलीच नसेल तर त्याकडे काणाडोळा करू नये. २०२३ मध्ये माहिती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने स्थगित केली होती. पूर्णत्वाची तारीख एकाच भागातील अनेक प्रकल्पांत एकाच सुमारास पुढे ढकलली जात असेल तर अडचण एका बिल्डरची नाही, पैशाची आहे. प्रकल्पावर नव्याने बोजा चढला असेल तर कर्ज कोणाचे आहे हे नीट वाचावे: बँकेच्या कर्जाच्या जागी चढ्या व्याजाचे खासगी निधीचे कर्ज आले असेल, तर बँकेने हात आखडता घेतल्याची शक्यता असते. आणि प्रवर्तकच, म्हणजे प्रकल्प उभारणारा बिल्डरच, बदलत असेल तर कायद्यानुसार दोन-तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. तुम्ही ग्राहक असाल तर अशा संमतीपत्रावर घाईने सही करू नये.

कायद्याने ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बंधनकारक केले आहे. ही तरतूद उपयुक्त आहे, पण तिच्यामुळे प्रकल्प पूर्ण होण्याची हमी मिळत नाही. बुकिंगच थांबले तर ज्या रकमेचे ७० टक्के काढायचे ती रक्कमच येत नाही.

प्रत्यक्ष भेट दिल्याशिवाय ही पायरी पूर्ण होत नाही. संध्याकाळनंतर जाऊन मजुरांची वस्ती पाहा, चार महिन्यांपूर्वी किती मजले चढले होते आणि आज किती आहेत ते मोजा. सिमेंट, सळई आणि खडी पुरवणारे लोक सहसा सर्वांत आधी जाणतात, कारण त्यांची बिले थकतात. तीस दिवसांची उधारी नव्वद दिवसांवर गेली, असे एखाद्या पुरवठादाराने सांगितले तर ते कोणत्याही अहवालापेक्षा ताजे असते.

चौथी पायरी: योजनांची भाषा वाचायला शिका

भाव न उतरवता सवलत देण्याचे प्रकार ठरलेले आहेत: मुद्रांक शुल्क बिल्डर भरणार, जीएसटी माफ, मॉड्युलर किचन, दोन वर्षांचे देखभाल शुल्क नाही, ताबा मिळेपर्यंत हप्ता नाही. दिवाळीत यांपैकी एखादी सवलत येणे नेहमीचे आहे. सण नसताना, एकाच भागातील बहुतेक बिल्डरांकडून आणि दर तिमाहीला वाढत्या प्रमाणात सवलती येऊ लागल्या तर त्यांची पैशांतील किंमत काढून भावातून वजा करा. १ कोटीच्या घरावर ६ टक्के मुद्रांक शुल्क आणि ५ टक्के जीएसटी बिल्डर भरणार असेल तर भाव ११ लाखांनी उतरलेला आहे, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो.

‘२०:८०’ (२० टक्के ग्राहकाचे, ८० टक्के गृहकर्जातून) आणि ‘ताब्यापर्यंत हप्ता बिल्डरचा’ या योजनांकडे मी विशेष संशयाने पाहतो. यांत कर्ज ग्राहकाच्या नावावर असते, पैसे बिल्डरला आधीच मिळतात आणि व्याज भरण्याचे वचन बिल्डरचे असते. बिल्डर अडचणीत आला की वचन संपते आणि कर्ज ग्राहकाच्या डोक्यावर राहते. बांधकामाच्या टप्प्यांशी न जोडता गृहकर्जाची रक्कम आगाऊ देण्याला रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये आळा घातला, आणि जुलै २०१९ मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशी कर्जे टाळण्यास सांगितले. नियामकाला दोनदा हस्तक्षेप करावा लागला, यावरूनच या योजना किती कुटुंबांना महागात पडल्या असतील याची कल्पना यावी. नाव बदलून त्या पुन्हा येऊ लागल्या तर बिल्डरांना बँकेकडून थेट कर्ज मिळणे कठीण झाले आहे असे समजावे.

पाचवी पायरी: पैसा कोठून येतो ते पाहा

मला ही पायरी सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि नेमकी हीच सर्वांत कमी पाहिली जाते. आपल्याकडील मोठ्या पडझडी ग्राहक नाहीसे झाले म्हणून सुरू झाल्या नाहीत. बिल्डरला कर्ज देणाऱ्यांचा पैसा आटला म्हणून त्या वाढल्या.

२०१८ चा घटनाक्रम नीट पाहण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बँकांकडे ठेवींचा पूर आला, आणि त्यातील बराच पैसा बिगरबँक वित्तसंस्थांमार्फत बिल्डरांकडे गेला. या संस्था काही महिन्यांच्या मुदतीची कर्जे उचलत आणि बिल्डरला तीन-पाच वर्षांसाठी देत. सप्टेंबर २०१८ पर्यंत सुमारे ९१,००० कोटींचे देणे असलेला आयएल अँड एफएस समूह परतफेड चुकवू लागला, म्युच्युअल फंडांनी अशा संस्थांची अल्पमुदतीची कर्जे नूतन करण्यास नकार दिला, आणि बिल्डरांचे पुढचे हप्ते थांबले. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे संचालक मंडळ बरखास्त केले. त्याच महिन्यात केंद्र सरकारला रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५,००० कोटींचा ‘स्वामिह’ निधी जाहीर करावा लागला.

याच साखळीत पीएमसी ही सहकारी बँक होती. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारांना सुरुवातीला केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा होती. बँकेच्या कर्जांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक रक्कम एचडीआयएल या एकाच बिल्डर समूहात अडकली होती. ज्यांनी आयुष्यात एकही सदनिका विकत घेतली नव्हती अशा निवृत्त माणसांचे औषधपाणी घरांच्या बाजारातील अपयशामुळे थांबले. म्हणून ही पायरी फक्त घर घेणाऱ्यांसाठी नाही. आपली ठेव ज्या सहकारी बँकेत किंवा पतसंस्थेत आहे तिचा वार्षिक अहवाल मागा, बांधकाम क्षेत्राला किती कर्ज दिले आहे आणि थकीत किती आहे ते पाहा. बँकेतील ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवींना हे संरक्षण लागू नाही.

नियमितपणे पाहण्याजोग्या गोष्टी अशा: रिझर्व्ह बँकेच्या मासिक क्षेत्रनिहाय कर्जाच्या तक्त्यात गृहकर्ज आणि व्यावसायिक स्थावर मालमत्तेचे कर्ज किती वेगाने वाढते, जून आणि डिसेंबरच्या वित्तीय स्थिरता अहवालात गृहकर्जांच्या थकबाकीबद्दल काय म्हटले आहे, आणि स्थानिक वृत्तपत्रांतील ताबा व लिलावाच्या जाहिराती. त्या शेवटच्या जाहिराती छोट्या अक्षरांत असतात, तरी त्या वाचण्याची सवय लावावी. तुमच्याच भागातील नावे, विशेषतः एकाच इमारतीतील अनेक सदनिका, वारंवार दिसू लागल्या आणि राखीव किंमत उतरवून तोच लिलाव पुन्हा निघू लागला, तर हप्ते भरण्याची कुटुंबांची क्षमता संपत आली आहे आणि बँकेलाही गिऱ्हाईक मिळत नाही.

पुनर्विकासातील थांबलेले भाडे

मुंबईपुरती ही एक वेगळी आणि अत्यंत विश्वासार्ह खूण आहे. जुनी इमारत पाडल्यावर बिल्डर रहिवाशांना पर्यायी घराचे भाडे देतो. हे भाडे त्याच्या खर्चाचा लहानसा भाग असते आणि ते बंद केले की गवगवा होतो, म्हणून अगदी नाइलाज झाल्याशिवाय कोणी ते थांबवत नाही. अकरा महिन्यांचे आगाऊ धनादेश देणारा बिल्डर दर महिन्याला देऊ लागला, मग उशिरा देऊ लागला, हा क्रम दिसला की बाकीचे प्रकल्पही तपासावेत. गोरेगावच्या सिद्धार्थनगर पत्रा चाळीतील ६७२ कुटुंबांनी पुनर्विकासासाठी घरे रिकामी केली, भाडे पुढे बंद झाले आणि हक्काच्या घरासाठी दशकाहून अधिक काळ वाट पाहावी लागली. तुमच्या सोसायटीत पुनर्विकासाची चर्चा चालू असेल तर बँक हमीची रक्कम इमारत पूर्ण होईपर्यंतच्या भाड्याला पुरेल इतकी आहे का, हे जादा चौरस फुटांच्या आधी विचारावे.

सहावी पायरी: भाडे, हप्ता आणि उत्पन्न यांचा हिशोब

१ कोटी २० लाखांच्या घराला महिना ३० हजार भाडे मिळत असेल तर वार्षिक परतावा ३ टक्के झाला, आणि त्यातून देखभाल व मालमत्ता कर वजा करायचा आहे. गृहकर्जाचा दर ८.५ टक्के असेल तर मधले साडेपाच टक्के केवळ भाववाढीच्या भरवशावर आहेत. हे अंतर आपल्याकडे नेहमीच मोठे राहिलेले आहे, म्हणून त्याच्या असण्याने घाबरू नये. भाव वाढत असताना भाडे जागीच थांबले किंवा उतरू लागले, तर मात्र घरे राहण्यासाठी घेतली जात नसून ठेवण्यासाठी घेतली जात आहेत. रात्री आठ वाजता ताबा दिलेल्या इमारतीत किती खिडक्यांत दिवे आहेत हे मोजणे हा त्याचा सोपा पडताळा आहे.

व्याजदराचा परिणाम प्रत्यक्ष आकड्यांतच पाहावा. रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो रेपो दर मे २०२० पासून ४ टक्क्यांवर होता; तो मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत ६.५ टक्क्यांवर गेला, आणि ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निर्देशांकाशी जोडलेली असल्याने वाढ थेट ग्राहकापर्यंत आली. ६० लाखांचे, २० वर्षांचे कर्ज ६.५ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे ४४,७३० रुपये होतो. ९ टक्क्यांनी तो ५३,९८० होतो. हप्ता जुनाच ठेवून मुदत वाढवू म्हटले तर गणितच मोडते, कारण ६० लाखांवर ९ टक्क्यांनी महिन्याचे व्याजच ४५,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने, दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत हा पर्याय कर्जदाराला द्यावा असे बँकांना बजावले, त्यामागे हेच वास्तव होते. घर घेताना आजच्या दरापेक्षा २ टक्के जास्त दराने हप्ता काढून पाहावा. तो घरात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांहून अधिक होत असेल, तर बाजार कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी तो धोक्याचा आहे.

सातवी पायरी: रोजगार आणि एकूण अर्थव्यवस्था

हिंजवडीत नोकरी, हिंजवडीजवळ घर आणि गुंतवणूक म्हणून बाणेरला दुसरी सदनिका, अशी रचना असलेली असंख्य कुटुंबे पुण्यात आहेत. पगार, घराची किंमत आणि भाडे ही तिन्ही एकाच उद्योगाच्या खुंटीला टांगलेली असतात, आणि ती खुंटी निघाली तर तिन्ही एकाच वेळी खाली येतात. त्यामुळे आपण राहतो त्या भागाचा पोशिंदा उद्योग कोणता हे आधी ठरवावे आणि त्याच्या खुणा पाहाव्यात. टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो दर तिमाहीला कर्मचारीसंख्या जाहीर करतात. २०२३-२४ मध्ये तिन्ही कंपन्यांची संख्या घटली. चाकण आणि भोसरीसाठी वाहनविक्री, पाळ्यांची संख्या आणि ओव्हरटाइम पाहावा. कंत्राटी कामगार आधी कमी होतात, मग ओव्हरटाइम बंद होतो, कायम कामगारांची कपात शेवटी येते. हिंजवडीत पेइंग गेस्टच्या खाटा रिकाम्या राहू लागणे हे नवी भरती थांबल्याचे लक्षण आहे.

देशपातळीवर रिझर्व्ह बँकेचे दर दोन महिन्यांनी येणारे ग्राहक विश्वास सर्वेक्षण वाचावे. त्यात रोजगाराबद्दलचे मत आणि अनावश्यक खर्चाबद्दलचे मत एकत्र घसरू लागले तर लक्ष द्यावे. सोनेतारण कर्ज आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी झपाट्याने वाढणे हेही पाहावे, मात्र सोन्याचा भाव वाढला की सोनेतारण कर्ज आपोआप फुगते, एवढे लक्षात घेऊन.

एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. वर सांगितलेल्या २०२३-२४ मध्ये माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची कर्मचारीसंख्या घटूनही पुण्यात घरांचे भाव कोसळले नाहीत, कारण कर्जपुरवठा चालू होता आणि बिल्डर आधीच्या दशकाइतके कर्जबाजारी नव्हते. अमेरिकेत मात्र सगळ्या खुणा एकामागून एक आल्या: नव्या घरांची विक्री २००५ मध्ये शिखरावर पोचली, भाव २००६ मध्ये, अधिकृत मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली, लेहमन ब्रदर्स सप्टेंबर २००८ मध्ये कोसळली आणि बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली. विक्री मंदावल्यापासून बेरोजगारी शिखरावर पोचेपर्यंत चार वर्षे गेली. वही भरणाऱ्याला एवढा अवधी मिळू शकतो, पण तो मिळेलच असे धरून चालू नये; २०१८ मध्ये आपल्याकडे बिल्डरांचे कर्ज काही आठवड्यांत आटले.

माझा स्वतःचा निकष असा आहे की विक्री, साठा आणि कर्जपुरवठा या तिघांपैकी दोन सलग तीन तिमाही बिघडत असतील तर मंदी सुरू झाली आहे असे धरावे, भाव काहीही म्हणत असोत. त्यात रोजगाराची भर पडली तर तिला घरांपुरती मर्यादित समजू नये.

खुणा दिसल्यावर काय करावे

घर घ्यायचे असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराकडे वळावे. त्यावर जीएसटी लागत नाही आणि ताब्याची टांगती तलवार नसते. बांधकाम चालू असलेलेच घ्यायचे असेल तर करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कायद्याने मनाई आहे, हे बिल्डरला स्पष्टपणे सांगावे, आणि ताब्याची तारीख महारेराच्या पानावरील तारखेशी ताडून पाहावी. ताबा लांबला तर सर्व पैसे व्याजासह परत घेऊन बाहेर पडण्याचा, किंवा राहून दरमहा व्याज घेण्याचा हक्क आहे. मात्र आदेश मिळणे आणि वसुली होणे यांत मोठे अंतर असते, म्हणून इतर ग्राहकांसह लवकर अर्ज करावा. बिल्डर दिवाळखोरी प्रक्रियेत गेल्यानंतर हा मार्ग फार अवघड होतो.

विकायचे असेल तर नोंदलेल्या भावाच्या आसपास मागावे आणि पहिल्या गंभीर गिऱ्हाइकाशी बोलणे तुटू देऊ नये. पडत्या बाजारात थोडे थांबून जास्त मिळवण्याचा प्रयत्न बहुधा महाग पडतो. राहते घर असेल आणि दुसरे घर लगेच घ्यायचे असेल तर भाव उतरल्याचे दुःख करण्याचे कारण नाही, कारण दोन्ही बाजूंना तोच भाव आहे.

हप्ते चालू असतील तर निदान सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवावा, आणि तो कर्ज असलेल्या बँकेखेरीज दुसऱ्या बँकेत ठेवावा. नोकरी गेली तर पहिला हप्ता चुकण्याआधीच बँकेच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते आणि त्यानंतर सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण मालमत्ता न्यायालयात न जाता ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीला लेखी हरकत घेतल्यास बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. पुढे बँकेने ताब्याची कारवाई केली तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. या सर्व टप्प्यांत बँकेशी बोलून घर स्वतः विकण्याची मुदत मागता येते, आणि स्वतः विकलेल्या घराला लिलावापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगली किंमत येते.